बांधावर खुंट पडला असेल, तर मोजणी पत्रक आजच मागा

शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि सातबाऱ्यावर नाव असून मुंबई-पुण्याला, सुरत-बडोद्याला राहणाऱ्या खातेदारांनो,

तुमच्या गटातून महामार्ग, रेल्वे, कालवा किंवा विमानतळाची हद्द जाणार असेल आणि बांधावर रंगवलेला दगड किंवा फीत बांधलेली खुंटी दिसली असेल, तर पेरणी उरकू द्या, लगीनसराई जाऊ द्या असे म्हणत बसू नका. प्रांत कार्यालयात जा आणि आपल्या गटाचे संयुक्त मोजणी पत्रक व नकाशा मागा. हाती आले की घरात बसून वाचा, मग तोच कागद हातात घेऊन रानात फिरा. हे काम निवाडा होण्याच्या आधी करायचे आहे. नंतर केले तर त्याची किंमत फार कमी होते.

भूसंपादनाचा विषय निघाला की पारावर पहिला प्रश्न ठरलेला: एकरी किती देणार? सगळे लक्ष त्या एका आकड्याकडे. तोवर एखाद्या सकाळी भूमी अभिलेखचा भूकरमापक, संपादन करणाऱ्या संस्थेचा माणूस, गावचा तलाठी आणि कधी कृषी, बांधकाम, वन खात्याचे कर्मचारी येतात. रोव्हर लावतात, टेप धरतात, रान फिरतात. छापील तक्त्यात झाडे, विहिरी, घरे लिहिली जातात आणि ‘इथं सही करा, बाकीचं साहेब बघतील’ असे सांगून पथक पुढच्या गटात जाते. साहेब बघतात, पण तो तक्ताच बघतात. तक्त्यात नसलेले झाड साहेबांना दिसणार कुठून? भाव निवाड्यात लिहिला जातो हे खरे, पण त्याचा पाया त्या सकाळी पडलेला असतो.

याचे गणित एकदा नीट समजून घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव काढतात, ग्रामीण भागात त्याला १ ते २ यांमधल्या गुणकाने गुणतात, त्यात घर, विहीर, झाडे यांची किंमत मिळवतात आणि येणाऱ्या बेरजेवर तेवढीच आणखी, म्हणजे १०० टक्के दिलासा रक्कम देतात. राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनालाही १ जानेवारी २०१५ पासून हीच मोजपट्टी लागू आहे. म्हणजे ४ लाखांची विहीर पत्रकातून सुटली तर नुकसान ४ लाखांचे नाही, ८ लाखांचे. कलमी आंबा ‘रायवळ’ म्हणून लिहिला गेला, तर त्या फरकाचेही दुप्पट.

तेव्हा मोजणीचा किंवा मूल्यांकनाचा अहवाल चांगला की वाईट हे शेवटच्या आकड्यावरून ठरवू नका. आकडा मोठा असूनही अहवाल कच्चा असू शकतो, आणि असा अहवाल पुढे वरच्या पायरीवर टिकत नाही. माझी कसोटी साधी आहे. तुमचे रान कधी न पाहिलेला माणूस तो अहवाल घेऊन आला, तर त्याला त्यात लिहिलेले झाड, विहीर, भिंत सापडेल का? आणि कॅल्क्युलेटर दिला तर अहवालातल्याच नोंदींवरून त्याला तोच आकडा काढता येईल का? दोन्ही जमत असेल तर अहवाल ठीक. एकही जमत नसेल तर शिक्का कितीही गोल आणि सही कितीही झोकदार असो, तो अंदाज आहे.

सुरुवात नकाशापासून करा. मोजणीची तारीख, मोजणी रजिस्टरचा क्रमांक, प्रमाण, उत्तर दिशा, लगतच्या गटांचे क्रमांक आणि हजर असलेल्यांची नावे त्यावर आहेत का पाहा. मग एक बेरीज करा: संपादित क्षेत्र आणि शिल्लक क्षेत्र मिळून पोटखराब्यासह सातबाऱ्यावरचे एकूण क्षेत्र यायला हवे. येत नसेल तर फरक कुठे गेला ते लेखी विचारा. गुंठा आणि आर यांची गल्लत तर आपल्याकडे बोलण्यातही सर्रास होते. १ गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, १ आर नेमका १०० चौरस मीटरचा. चार एकर म्हणजे १६० गुंठे, पण आर होतात १६१.८७. हे पावणेदोन-दोन आर क्षुल्लक वाटतात, एकरी भाव चढा असेल तर त्यातच दोन-तीन लाख असतात.

पोटखराब्याकडे विशेष लक्ष द्या. आजोबांच्या काळात खडकाळ म्हणून लिहिलेला तुकडा वडिलांनी गाळ टाकून, ताली घालून लागवडीखाली आणलेला असतो आणि कागदावर तो अजून पोटखराबच असतो. तिथे आज डाळिंब उभे असेल तर ती गोष्ट पत्रकात यायलाच हवी. जिरायत की बागायत हा प्रश्नही तसाच. पीक पाहणीत सलग काही वर्षे ऊस, केळी किंवा फळबाग नोंदलेली असेल तर त्या नोंदीच्या प्रती जोडा. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. मोबाइलवरून स्वतः नोंद करायची ती सोय ‘कोण करत बसतंय’ म्हणून ज्यांनी सोडून दिली, त्यांनी या हंगामापासून तरी सोडू नये.

सर्वांत जास्त सुटते ते जमिनीच्या खाली असलेले. नदीवरून किंवा दूरच्या विहिरीवरून आणलेली पाइपलाइन, तिचे व्हॉल्व्ह, ठिबकची मुख्य नळी, बोअरचा केसिंग पाइप. पथकाला दिसत नाही, म्हणून लिहिले जात नाही आणि लिहिले नाही म्हणून किंमत नाही. पाइपलाइन कुठून कुठवर गेली, लांबी किती, व्यास किती, लोखंडी की पीव्हीसी, कोणत्या साली टाकली, हे सगळे स्वतंत्र ओळीत यायला हवे. बिले हरवली असतील तर घाबरू नका. विकास सोसायटीकडून किंवा बँकेकडून त्या कामाला कर्ज घेतले असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याचा बोजा चढलेला असतो, फेडला असला तरी फेरफार सापडतो. एरवी डोळ्यांत खुपणारा तो बोजा इथे तुमच्या बाजूने साक्ष देतो.

विहिरीच्या रकान्यात ‘विहीर – १’ एवढेच असेल तर तो अहवाल परत पाठवण्याच्याच लायकीचा. व्यास, खोली, बांधीव की कच्ची, खडकात किती फोडली, पाणी बारमाही आहे की नाही, हे नसेल तर मूल्यांकन करणारा अभियंता कशाच्या आधारे दर लावणार? सामायिक विहीर असेल तर हिश्श्याचाही उल्लेख हवा. आणि तुमची विहीर संपादित पट्ट्यात गेली, पण तिच्यावर भिजणारे रान पलीकडे उरले, तर ते रान जिरायत होऊन बसते. या नुकसानीची भरपाईही मागता येते. जमीन तुटल्यामुळे, वाट बंद झाल्यामुळे उरलेल्या तुकड्याचे होणारे नुकसान भरपाईत धरावे असे कायदा म्हणतो. मात्र ते आपोआप धरले जात नाही. नकाशावर तो तुकडा रंगवून, त्याला आता जायला वाट कुठून हे लिहून मागावे लागते. घराचा काही भागच जात असेल तर अख्खे घर घ्या असे म्हणण्याचा हक्कही आहे. अर्धे कापलेले घर राहण्याजोगे उरत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, पण मागणी मात्र लेखीच लागते.

झाडांचे मूल्यांकन ही खरी मेख. इमारती लाकडाच्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, साधारण १.३७ मीटरवर मोजतात आणि त्यावरून लाकूड काढतात. फळझाडाचा हिशेब निराळा: जात, वय, वर्षाचे उत्पन्न, त्यातून वजा खर्च आणि झाड अजून किती वर्षे फळेल. आता पत्रकात ‘फळझाडे – ४०’ असे लिहिले असेल तर यातले काय कळते? पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच तालुक्यात विमानतळासाठी सात गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा आहे. तिथली ऐन बहरातली अंजिराची बाग आणि गेल्या वर्षी लावलेली रोपे एका ओळीत बसली, तर त्या ओळीला मूल्यांकन म्हणता येईल का? कोकणात तर एका परड्यात हापूस, नारळ, सुपारी, फणस, कोकम सगळे दाटीने. तिथे झाडांवर क्रमांक रंगवून, क्रमांकवार यादी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. महामार्ग ६६ च्या पट्ट्यातल्या चाकरमान्यांनो, गणपतीला घरी येता तेव्हा एक दुपार या यादीसाठी काढा. मोजणीची नोटीस चावडीवर लागते, तुमच्या चाळीच्या दारावर नाही.

इथेच एक कडू गोष्टही बोलायला हवी. मोजणी येणार म्हटल्यावर रातोरात रोपे खोचणारे, चार पत्रे ठोकून ‘पोल्ट्री’ उभी करणारे प्रत्येक पट्ट्यात निघतात. त्यांना वाटते सरकारला फसवले. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे शेजारच्या वीस वर्षांच्या बागेकडेही संशयाने पाहिले जाते. उपग्रहाची जुनी छायाचित्रे आता कोणालाही बघता येतात. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रे निघतात. खोट्याला ती जशी उघडी पाडतात, तशीच खऱ्या बागेचे वयही सिद्ध करतात. आपल्या बागेची पाच-दहा वर्षांपूर्वीची चित्रे छापून अर्जाला जोडा.

घर, गोठा, कांदाचाळ, शेततळे, पाण्याचा हौद, द्राक्षाचा मांडव, ओटा, तुळशीवृंदावन, सगळे रानात उभे असते, पण बऱ्याच पत्रकांत घर तेवढे येते. घराचे मूल्यांकन बांधकाम खात्याच्या दरसूचीवरून होते. दरसूची कोणत्या सालची, बांधकाम दगड-मातीचे, भाजक्या विटांचे की आरसीसी, मोजमाप बाहेरून बाहेर घेतले का, घसारा धरला असेल तर किती वर्षांचा आणि कोणत्या दराने, हे लिहिलेले हवे. गावातल्या दहा घरांचे अहवाल एकमेकांशेजारी ठेवून पाहा. दहाही घरांचे वय सारखे आणि वर्णन शब्दशः तेच असेल, तर अधिकारी घरात पाऊल न टाकता निघून गेला हे सांगायला दुसरा पुरावा नको. हे काम एकट्याने होत नाही. वाडीने एकत्र बसावे लागते.

आता जमिनीचा भाव. रेडी रेकनरचा दर आणि प्रत्यक्ष खरेदीखतांची सरासरी, यांतला जो जास्त तो घ्यायचा, असे कायदा सांगतो. सरासरी काढतानाही सगळी खरेदीखते सरसकट धरायची नाहीत. आधीच्या तीन वर्षांतली, तशाच प्रकारच्या जमिनीची, त्याच किंवा लगतच्या गावातली खते घ्यायची. त्यांतली जास्त भावाची निम्मी निवडायची आणि त्या निम्म्यांची सरासरी काढायची. समजा अशी आठ खते मिळाली आणि भाव एकरी ६, ७, ८, ९, १४, १५, १६ व १९ लाख आहेत. सगळ्यांची सरासरी ११.७५ लाख. वरच्या चारांची १६ लाख. गुणक २ आणि दिलासा रक्कम धरली तर पहिल्या हिशेबाने एकरी ४७ लाख, दुसऱ्याने ६४ लाख. एका ओळीच्या ‘चुकी’ने १७ लाखांचा फरक पडतो.

म्हणून मूल्यांकनाच्या टिपणीत खरेदीखतांची यादी आहे का, हे सर्वांत आधी शोधा. दस्त क्रमांक, तारीख, गट, क्षेत्र, भाव, सगळे हवे. एखादे खत वगळले असेल तर कारण हवे. यादी नसेल आणि नुसता दर असेल, तर यादी मागा. आपणही सूची क्रमांक २ नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधून गावातली खते काढू शकतो. कॉलेजात जाणारी पोरे हे काम एका रात्रीत करतील. मात्र दोन गुंठ्यांच्या बिनशेती प्लॉटचा भाव दाखवून पाच एकर रानाला तोच दर मागू नका. तशी तुलना टिकत नाही आणि आपल्या बाकीच्या खऱ्या खतांचेही वजन घालवते.

खासगी मूल्यांककाकडून स्वतःचा अहवाल करून घ्यायला हरकत नाही, मोठी बाग किंवा मोठे बांधकाम असेल तर घ्यावाच. पण ‘किती दाखवायचे बोला’ असे विचारणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. तो मागेल तेवढी फी घेईल, तुम्हाला हवा तो आकडा लिहील आणि उलटतपासणीत पहिल्या प्रश्नाला गप्प होईल. वर सांगितलेली कसोटी त्याच्या अहवालालाही तितकीच लावा. सरकारी पत्रकात दोष काढायचे आणि आपल्या कागदात हवा भरायची, हा धंदा दलालांचा.

थेट खरेदीने जमीन देणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. समृद्धी महामार्गाला वाटाघाटीने जमीन देणाऱ्यांना २५ टक्के जास्त मिळाले, त्यामुळे थेट खरेदीकडे कल असणे स्वाभाविक आहे. पण ते २५ टक्के कशावर? त्याच पत्रकावरून निघालेल्या रकमेवर. आणि एकदा राजीखुशीने खरेदीखत झाले की वाढीव मोबदला मागायला जवळजवळ जागा उरत नाही. इथे तर पत्रकाची तपासणी सहीच्या आधीच व्हायला हवी, दुसरी संधी नाही.

प्रकल्पाला विरोध असणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. मोजणी होऊ द्यायची नाही हा तुमच्या गावाचा निर्णय असेल तर तो तुमचा हक्क, त्यावर मी इथे बोलणार नाही. पण लढा चालू असताना आपल्या झाडांची, विहिरींची, घरांची यादी आपण स्वतः करून, फोटो आणि पंचांच्या सह्यांसह गावात ठेवली, तर लढ्याचे काय बिघडते? उद्या गैरहजेरीत मोजणी झाली तर तेवढाच एक कागद तुमच्या हातात राहील.

सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असेल तर वारस नोंदी आधी करून घ्या. बहिणींची नावे लपवू नका. सामायिक गटात कोणाचे घर, कोणाची बाग हे पत्रकात वहिवाटीप्रमाणे लिहून घ्या. हक्काचा वाद निघाला की पैसे तुमच्या खात्यावर येण्याऐवजी न्यायालयात किंवा प्राधिकरणाकडे जमा होतात आणि भावकी वर्षानुवर्षे तारखा मोजत बसते.

मुदती लक्षात ठेवा. २०१३ च्या कायद्याखालच्या प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घ्यायला ६० दिवस. राष्ट्रीय महामार्ग असेल तर अवघे २१. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल आणि भरपाई अपुरी वाटत असेल, तर २०१३ च्या कायद्यात पुढच्या दाव्याचा अर्ज ६ आठवड्यांत. महामार्गाच्या कायद्यात लवादाकडे जावे लागते. आणि पैसे उचलताना हरकत नोंदवूनच उचला. २०१३ च्या कायद्यात हरकत न नोंदवता रक्कम घेतली की वाढीव मोबदल्याचा तो अर्ज करण्याचा हक्कच जातो. पावतीवर ‘रक्कम अपुरी असल्याने हरकत राखून स्वीकारली’ एवढे सहीच्या वर लिहायला अर्धे मिनिट लागते. हे वाक्य गावातल्या प्रत्येक घरात पोचवा, वाचता न येणाऱ्यांना तोंडपाठ करून द्या.

मोजणीचे पथक पत्रकावर सही मागत असेल आणि नोंदी अपुऱ्या असतील, तर भांडू नका, कोरी सहीही करू नका. सहीच्या वर ‘पाइपलाइन, ठिबक व ६ नारळांची नोंद नाही, हरकत आहे’ असे जे सुटले असेल ते नाव घेऊन लिहा आणि मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढा.

अर्जासाठी वकिलाची वाट पाहण्याची गरज नाही. साध्या कागदावर पुढील मजकूर लिहा, दोन प्रती करा, एक सक्षम प्राधिकारी तथा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका:

‘मौजे …, तालुका …, गट क्रमांक … मधील माझ्या जमिनीच्या संयुक्त मोजणीचे पत्रक, नकाशा, तसेच झाडे, विहीर, पाइपलाइन व बांधकामे यांचे मूल्यांकन अहवाल आणि जमिनीचा दर ठरवताना विचारात घेतलेल्या खरेदीखतांची यादी यांच्या सहीशिक्क्याच्या प्रती मला मिळाव्यात. सोबत माझ्या शेतातील मालमत्तेची यादी व फोटो जोडले आहेत. पत्रकात यातील काही नोंदी आढळल्या नाहीत, तर माझ्या समक्ष फेरपाहणी करून त्या घेण्यात याव्यात व तोपर्यंत माझ्या गटाचा निवाडा अंतिम करू नये.’

३० दिवसांत प्रती मिळाल्या नाहीत तर हाच मजकूर माहिती अधिकाराच्या अर्जात लिहून पुन्हा द्या. दोन्ही पोचपावत्या सातबाऱ्याच्याच फाइलीत लावा.